अमेरिकेचा निकाल मुखेडला आधी का पोचतो?

२०२४ च्या नोव्हेंबरमधले सलग तीन दिवस घेऊ. ४ नोव्हेंबरला दुपारी तीन वाजता विधानसभेचे अर्ज मागे घेण्याची मुदत संपली. राज्यातल्या २८८ मतदारसंघांत ४,१३६ उमेदवार रिंगणात उरले. ५ नोव्हेंबरला अमेरिकेत अध्यक्षपदासाठी मतदान झालं. ६ नोव्हेंबरला पहाटेपासून आपल्या टीव्हीवर अमेरिकेचा लाल-निळा नकाशा आला आणि संध्याकाळपर्यंत ठाण मांडून बसला.

मुखेडच्या मतदारासाठी तो आठवडा महत्त्वाचा होता. नांदेड जिल्ह्यातला हा विधानसभेचा ९१ क्रमांकाचा मतदारसंघ. खासदार वसंतराव चव्हाण यांचं २६ ऑगस्टला निधन झाल्याने नांदेड लोकसभेची पोटनिवडणूकही विधानसभेबरोबर २० नोव्हेंबरलाच होती. म्हणजे मुखेडकराला एकाच केंद्रावर, एकाच वेळी दोन यंत्रांवर दोन मतं द्यायची होती. सोयाबीन नुकतंच खळ्यावरून घरात आलं होतं. हमीभाव ४,८९२ रुपये आणि बाजारातला भाव त्याच्या बराच खाली. उमेदवारांना विचारावेत असे प्रश्न ढीगभर होते. मात्र त्या ६ तारखेला टीव्हीसमोर बसलेल्याला पेन्सिल्व्हेनियात कोण पुढे आहे आणि ५३८ निर्वाचक मतांपैकी २७० का लागतात हे नीट समजलं. मुखेडमधून कोणी अर्ज मागे घेतला आणि त्याने कोणाचं गणित बिघडलं, हे त्याला टीव्हीवरून कळण्याची सोय नव्हती.

असं का होतं, याचं उत्तर देताना आपण पटकन कोणाला तरी दोष देतो. लोकांनाच परदेशाचं वेड, किंवा पुण्या-मुंबईच्या संपादकांना खेड्याचं सोयरसुतक नाही, असं म्हणून मोकळे होतो. दोन्हींत थोडं तथ्य असेलही. पण बातमी तयार होते कशी, तिला खर्च किती येतो, ती छापखान्यात कधी पोचते आणि किती वाचकांना चालते, हे पायरीपायरीने पाहिलं तर वेगळंच दिसतं. कोणीही मुद्दाम काही केलं नाही तरी मुखेडची बातमी मागे पडेल, अशीच ही सगळी रचना आहे. ती समजून घेणं गरजेचं आहे, कारण बदल करायचा तर तो तिथेच करावा लागेल.

डेस्कवर काय येतं

मराठी दैनिकाच्या डेस्कवर संध्याकाळी पाच वाजता बसलेल्या उपसंपादकाची कल्पना करा. त्याच्या संगणकावर वृत्तसंस्थांच्या बातम्या सतत येत असतात. एपी ही अमेरिकी वृत्तसंस्था १८४६ मध्ये स्थापन झाली आणि १८४८ पासून ती अमेरिकेतल्या निवडणुकीचे निकाल गोळा करून विजेता जाहीर करते. तिथे आपल्यासारखा देशभराची मतमोजणी जाहीर करणारा एकच निवडणूक आयोग नाही. प्रत्येक राज्य आपापली मोजणी करतं, त्यामुळे साऱ्या जगाचे डोळे एपीच्या आकड्यांकडे लागतात. तिच्या जोडीला रॉयटर्स आणि एएफपी आहेत. आपल्याकडे १९४९ पासून काम करणारी पीटीआय आहे, ती परदेशी संस्थांशी करार करून त्यांचा मजकूर भारतीय वृत्तपत्रांपर्यंत पोचवते.

या वाटेने बातमीबरोबर छायाचित्रं, नकाशे, तक्ते, उमेदवारांचा जीवनपट आणि तज्ज्ञांची मतंही येतात. सगळं तयार. उपसंपादकाने भाषांतर करायचं, मथळा द्यायचा, पानात बसवायचं. वृत्तसंस्थेची वर्गणी ठरलेली असते. अमेरिकेची एक बातमी छापली काय आणि दहा छापल्या काय, मालकाच्या खर्चात फारसा फरक पडत नाही.

आता मुखेडची बातमी पाहा. अर्ज मागे घेतल्यावर लढत कशी बदलली हे लिहायचं तर वार्ताहराला तीन वाजेपर्यंत निवडणूक कार्यालयाबाहेर थांबावं लागतं. माघार घेणाऱ्याला गाठावं लागतं. त्याच्या मागे कोणता समाज, कोणती गावं उभी होती, ती आता कुठे वळतील, हे समजून घ्यायला मुक्रमाबाद, बाऱ्हाळी, जांब, बेटमोगरा असं फिरावं लागतं. पेट्रोल त्याचं, वेळ त्याचा. एक दिवस राबून हाती येतो तो तीनशे शब्दांचा मजकूर. परदेशी बातमी म्हणजे नळाला आलेलं पाणी भरून घेणं आणि गावची बातमी म्हणजे विहीर खणणं. दोन्हींतून पाणीच मिळतं, पण कष्टांचा हिशेब फार वेगळा आहे.

घड्याळ कोणाच्या बाजूने

नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या घड्याळापेक्षा आपलं घड्याळ साडेदहा तास पुढे असतं. तिथे संध्याकाळी सात-आठला मतदान संपतं, तेव्हा आपल्याकडे दुसऱ्या दिवसाची पहाट उजाडत असते. तिथली निकालाची रात्र म्हणजे आपला अख्खा दिवस. २०२४ मध्ये डोनाल्ड ट्रम्प विजयाचं भाषण करायला उभे राहिले तेव्हा आपल्याकडे दुपारचा एक वाजत होता. एपीने त्यांना विजयी घोषित केलं ते आपल्या वेळेने चारच्या सुमारास. वाहिन्यांना दिवसभर पुरेल एवढी चुरस मिळाली आणि संध्याकाळी पानं लावायला बसलेल्या डेस्कपुढे पूर्ण झालेली बातमी होती: विजेता, आकडे, भाषण, छायाचित्र, भारताच्या पंतप्रधानांचं अभिनंदन.

तालुक्याला जाणाऱ्या अंकासाठी ही वेळ निर्णायक असते. दैनिकांच्या एकाच दिवशी दोन-तीन आवृत्त्या निघतात. लांबच्या गावांना जाणारी डाक आवृत्ती सर्वांत आधी छापली जाते, कारण गठ्ठे गाडीत भरून पहाटेपर्यंत तालुक्याला आणि तिथून गावागावांत पोचवायचे असतात. जिल्ह्याच्या शहराची आवृत्ती त्यानंतर निघते. साहजिकच छापखान्यापासून जितकं दूर, तितकी पानं लवकर बंद.

प्रचाराच्या दिवसांत ध्वनिक्षेपकाला रात्री दहापर्यंत परवानगी असते, म्हणून मोठ्या सभा संध्याकाळनंतरच रंगतात. मुखेडला साडेनऊला झालेल्या भाषणाची बातमी नांदेड शहराच्या अंकात कदाचित येईल. मुखेडला येणाऱ्या डाक आवृत्तीची पानं तोवर छपाईला गेलेली असतात. ज्या गावात सभा झाली, त्याच गावाला ती बातमी एक दिवस शिळी मिळते. हजारो किलोमीटरवरचा निकाल मात्र वेळेत हजर होतो.

पान आणि जिल्ह्याची हद्द

पहिलं पान, देश-विदेशाचं पान, क्रीडा, अर्थ ही बरीचशी पानं सगळ्या आवृत्त्यांना सारखीच असतात. ती एका जागी तयार होतात आणि सगळीकडे छापली जातात. जिल्ह्याची पानं किंवा पुरवणी तेवढी वेगळी. मुखेडची बातमी नांदेडच्या पानावर येते आणि तिथेच थांबते. शेजारच्या जळकोट-उदगीरच्या वाचकाला ती दिसत नाही, कारण तो लातूर जिल्ह्यात, त्याचं पान वेगळं. उदगीरची बातमीही मुखेडला येत नाही.

डेस्कला रोज करावा लागणारा हिशेब यातून निघतो. अमेरिकेची एक बातमी एकदा लावली की ती कोल्हापूरपासून गडचिरोलीपर्यंत लाखो अंकांत जाते. मुखेडची बातमी तेवढीच जागा घेऊन फक्त नांदेडच्या अंकांत जाते. वाहिन्यांना तर जिल्हा पानही नसतं. राज्यभर एकच प्रक्षेपण. त्यावर मुखेडच्या उमेदवाराची अर्ध्या तासाची मुलाखत लावली तर चंदगडचा प्रेक्षक वाहिनी बदलेल, या धास्तीनेच ती लागत नाही. अमेरिका सगळ्यांपासून सारखीच दूर, म्हणून ती सगळ्यांना सारखीच चालते.

याच कारणाने मुखेडवर न्यूयॉर्कच्या आधी मुंबईचीही सावली पडते. ६ नोव्हेंबर २०२४ लाच मुंबईत महाविकास आघाडीने आपल्या गॅरंटी जाहीर केल्या, त्याही राज्यभर दाखवल्या गेल्या. परदेशी निवडणूक ही या उतरंडीतली सर्वांत वरची पायरी. तिच्याखाली दिल्ली, मग मुंबई, मग विभागाचं शहर, मग जिल्हा. वरून एखादी मोठी बातमी आली की प्रत्येक पायरीवरची बातमी एकेक पायरी खाली सरकते आणि तळाच्या पायरीवरचीला सरकायला जागाच उरत नाही.

बातमीला सोयीचा विषय

बातमी कशाची होते यावर १९६५ मध्ये योहान गाल्टुंग आणि मारी होल्मबोए रूगे या नॉर्वेच्या अभ्यासकांनी एक निबंध लिहिला. काँगो, क्युबा आणि सायप्रसमधल्या संघर्षांच्या बातम्या नॉर्वेच्या चार दैनिकांनी कशा दिल्या, हे तपासून त्यांनी बारा निकष मांडले. जर्मनीसह अनेक देशांतल्या वृत्तविद्येच्या अभ्यासात आजही त्यांची चर्चा होते. त्यातले काही आपल्या कामाचे आहेत. घटना बातमीच्या रोजच्या चक्रात बसावी. तिचा आवाका मोठा असावा. अर्थ चटकन लागावा. ती बलाढ्य देशाशी किंवा नामांकित व्यक्तीशी जोडलेली असावी. आणि एकदा चर्चेत आलेला विषय पुढेही चर्चेत राहतो.

अमेरिकेची निवडणूक या सगळ्या निकषांत चपखल बसते. तारीख चार वर्षं आधी ठाऊक. दोन मुख्य उमेदवार. हार-जीत स्पष्ट. देश बलाढ्य आणि माणसं जगाला माहीत असलेली.

याउलट मुखेड तालुक्यातला लेंडी प्रकल्प घ्या. गोणेगावजवळचं हे महाराष्ट्र आणि तेलंगणाचं आंतरराज्य धरण. १९८० च्या दशकात सुरू झालेलं काम पुनर्वसनाच्या प्रश्नावर वर्षानुवर्षं अडलं. कोणाला मावेजा मिळाला, कोणाचा राहिला, नव्या गावठाणात काय सोयी झाल्या, पाणी अडवलं तर कोणती गावं आधी बुडतील, हे प्रश्न बुडीत क्षेत्रातल्या लोकांसाठी जगण्या-मरण्याचे होते. पण त्याला मतदानासारखी तारीख नव्हती, निकालाचा दिवस नव्हता. आज मांडलेलं गाऱ्हाणं उद्याही तसंच असणार. रोज नवं मागणाऱ्या पानावर त्याला जागा मिळते ती मोर्चा निघाला की, आणि मोर्चा संपला की जाते.

१७ आणि १८ ऑगस्ट २०२५ च्या दरम्यान तो प्रश्न एका रात्रीत राज्यभर गेला. मुक्रमाबाद भागात सुमारे २०६ मिलिमीटर पाऊस पडला. लातूर-उदगीरकडून आणि कर्नाटकातूनही पाणी आलं. रावणगाव, भासवाडी, भिंगेली, हसनाळ या गावांना वेढा पडला. शेकडो माणसं अडकली, बचाव पथकं आणि सैन्य आलं, हसनाळला माणसं दगावली. त्याच दिवसांत अलास्कात ट्रम्प आणि पुतिन यांची भेट झाली होती, १८ तारखेला झेलेन्स्की आणि युरोपचे नेते वॉशिंग्टनला होते आणि मुंबईतही मुसळधार पाऊस सुरू होता. तरीही मुखेडची बातमी सगळीकडे लागली, कारण आवाक्याचा निकष तिने ओलांडला. माणसं गेली तेव्हा ओलांडला. त्या आधीची कित्येक वर्षं, इशारे देण्याच्या काळात, ती त्या उंबरठ्याच्या अलीकडेच होती. स्थानिक बातमी मागे पडते म्हणजे काय, हे यापेक्षा स्पष्ट सांगता येणार नाही. संकट आल्यावर सगळे येतात. संकट टळावं म्हणून लिहिलेला मजकूर आतल्या पानावर राहतो.

आपला माणूस

परदेशी निवडणुकीला आपल्याकडे आणखी एक आधार मिळतो, तो नात्याचा. २०१७ मध्ये लिओ वराडकर आयर्लंडचे पंतप्रधान झाले आणि मालवण तालुक्यातलं वराड हे त्यांच्या वडिलांचं गाव एका दिवसात बातम्यांत आलं. कमला हॅरिस यांच्या आजोळचं तुळसेंद्रपुरम हे तमिळनाडूतलं गाव २०२० मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये जगभरच्या पडद्यांवर झळकलं. ५ नोव्हेंबर २०२४ लाच मूळचे बेळगावकडचे श्री ठाणेदार मिशिगनमधून अमेरिकी संसदेवर पुन्हा निवडून गेले, त्याचीही मराठी वृत्तपत्रांनी दखल घेतली.

हा जिव्हाळा खोटा नाही. पुण्या-मुंबईतल्याच नव्हे, तर नांदेड-लातूरच्या घरांतलीही मुलं आता परदेशात शिकतात, नोकऱ्या करतात. व्हिसाचे नियम बदलले की इथल्या आईबापांची झोप उडते. त्यांना तिथला निकाल हवाच असतो. पण खेडं बातमीत कसं आलं, तेही पाहायला हवं. वराडचे रस्ते, पाणी, शाळा यांमुळे ते आलं नव्हतं. दूरच्या मोठ्या माणसाशी धागा जुळला, म्हणून आलं.

२०२५ मध्ये तर नगरपालिकेलाच नगरपालिका भेटली. ४ नोव्हेंबरला राज्य निवडणूक आयुक्त दिनेश वाघमारे यांनी २४६ नगरपरिषदा आणि ४२ नगरपंचायतींचा कार्यक्रम जाहीर केला. मुखेडलाही नगरपरिषद आहे. राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदांवर २०२२ पासून प्रशासक होते. नळाला पाणी किती दिवसांनी, नाल्या कोणी काढायच्या, याचा जाब विचारायला निवडून आलेला माणूसच नव्हता. त्याच दिवशी न्यूयॉर्कमध्ये महापौरपदाचं मतदान होतं. आपल्याकडे ५ तारखेच्या सकाळी आठच्या सुमारास जोहरान ममदानी विजयी झाल्याचं कळलं. चित्रपट दिग्दर्शिका मीरा नायर यांचा मुलगा, वय ३४, विजयाच्या भाषणात पंडित नेहरूंचा दाखला. बातमी मोठी होतीच. पण बसभाडं आणि घरभाडं हे त्यांच्या प्रचाराचे मुद्दे आपल्याकडे जितक्या तपशिलाने समजावले गेले, तितक्या तपशिलाने आपल्या प्रभागाचा अर्थसंकल्प कोणी समजावला? इथल्या निवडणुकीचा संबंध थेट आपल्या दारातल्या नालीशी होता.

जर्मनीत काय होतं

हे दुखणं गरीब किंवा मागास भागाचंच आहे, असं वाटू नये म्हणून जर्मनीकडे पाहू. तिथे गावोगावच्या दैनिकांची परंपरा मोठी आहे. तरीही त्यातल्या अनेकांची पहिली पानं गावात तयार होत नाहीत. देशाच्या आणि जगाच्या बातम्यांची पानं मध्यवर्ती कार्यालयातून येतात आणि आतली स्थानिक पानं गावातले वार्ताहर भरतात. हानोव्हरच्या माडझाक समूहाने २०१३ मध्ये उभारलेलं आरएनडी हे असंच मध्यवर्ती कार्यालय, तिथला मजकूर अनेक प्रादेशिक दैनिकं वापरतात. खर्च वाचवण्याचा हाच मार्ग, आणि त्यामुळे दूर दूरच्या शहरांतल्या वाचकांपुढे सकाळी एकाच विषयाचं पहिलं पान येतं.

६ नोव्हेंबर २०२४ चा दिवस तिथेही विलक्षण ठरला. सकाळी ट्रम्प जिंकल्याचं कळलं आणि रात्री चान्सलर ओलाफ शोल्त्स यांनी अर्थमंत्री ख्रिस्टियान लिंडनर यांना काढून टाकलं. सत्ताधारी आघाडीच कोसळली. दुसऱ्या दिवशीच्या पानांवर या दोन बातम्यांनी जागा वाटून घेतली. गावच्या नगरपरिषदेच्या बातमीला एकाच दिवशी दोन पायऱ्या खाली उतरावं लागलं.

वितरणाचा प्रश्नही तिथे आहे. थुरिंगियातल्या ग्राइत्स जिल्ह्याच्या काही गावांत २०२३ मध्ये छापील दैनिक घरपोच देणं परवडेना म्हणून थांबवलं गेलं. पण याच जर्मनीत १९९७ पासून एक वेगळा उपक्रमही चालतो. माध्यमांनी दुर्लक्षिलेल्या विषयांची यादी दर वर्षी अभ्यासक, विद्यार्थी आणि पत्रकार मिळून तयार करतात आणि जाहीर करतात. लोक विषय सुचवतात, ते तपासले जातात, मग दहा विषय निवडले जातात. काय छापलं यावर सगळेच बोलतात. काय राहून गेलं, हे कोणीतरी नेटाने नोंदवतं, ही त्यातली मोलाची गोष्ट.

गावच्या बातमीची किंमत

तालुक्याचा वार्ताहर हा या साखळीतला सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कमी सांभाळला जाणारा माणूस. बहुतेक ठिकाणी तो पगारी नोकर नसतो. थोडं मानधन, नाहीतर जाहिरातीवरचं कमिशन. घर चालवायला शेती, दुकान किंवा अंकाची एजन्सी. नेत्याचा वाढदिवस, सणाच्या शुभेच्छा, वर्धापनदिनाची पुरवणी, अशा जाहिरातींचं लक्ष्यही त्याच्याच डोक्यावर. ज्या पुढाऱ्याच्या कामाची त्याने चौकशी करायची, त्याच्याच दारात जाहिरातीसाठी उभं राहायचं. या ओढाताणीत पुष्कळजण प्रामाणिक राहतात, हे त्यांचं थोरपण. पण कोणाच्या तरी थोरपणावर विसंबलेली व्यवस्था टिकाऊ नसते.

निवडणुकीत ही ओढाताण आणखी वाढते. २००९ च्या निवडणुकांनंतर पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांचा वाद देशभर गाजला, त्यात नांदेड जिल्ह्याचंही नाव होतं. २०१० मध्ये भारतीय प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने त्यावर सविस्तर अहवाल दिला. त्या अनुभवाने स्थानिक निवडणुकीच्या बातमीवरचा वाचकाचा विश्वास घटला. परदेशी उमेदवाराची बातमी छापताना असला संशय येत नाही.

आणि धोकाही येत नाही. ट्रम्प यांच्यावर कितीही कडक लिहिलं तरी मुखेडच्या रस्त्यावर कोणी अडवणार नाही. वाळूच्या ट्रकवर किंवा जमिनीच्या व्यवहारावर लिहिलं तर रोजची वाट तीच असते. फेब्रुवारी २०२३ मध्ये कोकणात राजापूरला शशिकांत वारिसे या पत्रकाराचा गाडीखाली चिरडून खून झाला. रिफायनरीच्या वादाशी संबंधित व्यक्तीविरुद्ध त्यांनी बातमी दिली होती आणि ती प्रसिद्ध झाली त्याच दिवशी त्यांच्यावर गाडी घातली गेली. गावच्या बातमीची किंमत काही वेळा अशीही मोजावी लागते. म्हणून ती देणाऱ्याच्या पाठीशी संस्था, कायदा आणि वाचक उभे हवेत.

तिथला निकाल आपल्या शिवारात

परदेशी निवडणुकीची बातमीच नको, असं म्हणणं चुकीचं होईल. नोव्हेंबर २०२४ च्या त्या निकालाचा परिणाम नऊ महिन्यांत आपल्या कापसापर्यंत आला. ट्रम्प सरकारने भारतीय मालावर ऑगस्ट २०२५ मध्ये आधी २५ टक्के आणि २७ तारखेपासून एकूण ५० टक्के आयातशुल्क लावलं. कापड आणि तयार कपड्यांच्या निर्यातीला फटका बसणार हे उघड होतं. गिरण्यांना स्वस्त कापूस मिळावा म्हणून केंद्र सरकारने कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क १९ ऑगस्टपासून माफ केलं. आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत. म्हणजे मराठवाड्यातला शेतकरी कापूस वेचायला लागला तेव्हा बाहेरचा कापूस विनाशुल्क येत होता.

तारखा जुळवून पाहा. मुखेडमध्ये पुराचं पाणी अजून पुरतं ओसरलं नव्हतं तेव्हा ही सवलत लागू झाली. पाण्यात गेलेल्या शिवाराची बातमी जिल्हा पानावर, आयातशुल्काची अर्थ पानावर आणि वॉशिंग्टनची विदेशाच्या पानावर. तिन्हींचा संबंध एकाच शेतकऱ्याच्या घराशी. तो संबंध जोडून सांगणारी बातमी फारच थोड्या ठिकाणी आली असेल, कारण ती कोणत्याही वृत्तसंस्थेकडून तयार येत नाही. त्यासाठी वॉशिंग्टनचा निर्णय समजणारा आणि मोंढ्यात जाऊन भाव विचारणारा, अशी दोन माणसं एकत्र बसावी लागतात. परदेशी निवडणुकीची बातमी जेव्हा नुसती शर्यत म्हणून येते, तेव्हा ती गावच्या बातमीची जागा खाते. तिचा परिणाम इथे येऊन सांगते, तेव्हा तीच गावची बातमी होते.

काय करता येईल

वृत्तपत्रांनी तालुका प्रतिनिधीला मजकुरासाठी ठरावीक मोबदला द्यावा आणि जाहिरातीचं काम दुसऱ्याकडे सोपवावं. शेजारच्या जिल्ह्यांची पानं एकमेकांना उघडी करावीत. उदगीरचा पाऊस मुखेडला पूर आणत असेल, तर उदगीरची बातमी मुखेडच्या पानावर हवीच. लेंडीच्या पुनर्वसनासारख्या संथ विषयाला डेस्कनेच तारीख द्यावी. महिन्यातून एक ठरलेला दिवस, एक ठरलेली जागा, गेल्या महिन्यापासून काय हललं एवढं सांगणारी. बातमीला तारीख लागते ना, मग ती आपणच ठरवू.

वाचकानेही काही करायला हवं. अंक विकत घ्यावा, वर्गणी भरावी. तालुक्यातली चांगली बातमी आली की संपादकाला दोन ओळी लिहाव्यात, कारण मोबाईलवर अमेरिकेच्या बातमीला किती टिचक्या पडल्या हे डेस्कला दिसतं, मुखेडची बातमी कट्ट्यावर किती जणांनी वाचून दाखवली हे दिसत नाही. महाविद्यालयांत वृत्तविद्या शिकणाऱ्या मुलांनी आपल्या तालुक्यापुरती राहून गेलेल्या विषयांची वार्षिक यादी करावी. त्याला पैसा लागत नाही.

याची गरज किती आहे ते २३ नोव्हेंबर २०२४ च्या निकालानेच दाखवलं. नांदेड जिल्ह्यातल्या विधानसभेच्या नऊही जागा महायुतीने जिंकल्या. मुखेडमधून भाजपचे डॉ. तुषार राठोड पुन्हा निवडून आले. आणि विधानसभेबरोबरच, त्याच केंद्रांवर मतदान झालेल्या लोकसभा पोटनिवडणुकीत काँग्रेसचे रवींद्र चव्हाण १,४५७ मतांनी विजयी झाले. मुखेडसह ज्या सहा विधानसभा मतदारसंघांची मिळून ही लोकसभा बनते, ते सहाही महायुतीकडे गेले होते. हजारो मतदारांनी एका यंत्रावर एक बटण दाबलं आणि शेजारच्या यंत्रावर दुसरं. का दाबलं? सहानुभूती, उमेदवार, जात, सोयाबीन, की आणखी काही? पेन्सिल्व्हेनियाच्या मतदाराने काय विचार केला, हे सांगायला जगभरचे अभ्यासक हजर होते. मुखेडच्या मतदाराने काय विचार केला, हे त्याला विचारल्याशिवाय कळणार नाही, आणि विचारायला जाणारा माणूस मुखेडमध्येच उभा करावा लागेल. तो उभा करण्याचा खर्च वृत्तपत्राने आणि वाचकाने वाटून उचलावा.